जड सर्फ रॉड घेतला तरी शिसं जवळच पडतं, वाहून जातं किंवा तडकन तुटतं: दोष कुठे शोधायचा

बडोद्याहून समुद्रावर गळ टाकायला जाणाऱ्या आपल्या मंडळींची तक्रार दर हंगामात तीच असते. मोठ्या माशासाठी म्हणून बारा-चौदा फुटी, चांगला जाडजूड रॉड घेतला. दमणला किंवा वलसाडजवळच्या तिथल गावी गेलो. आणि तासाभरात तीनपैकी एक गोष्ट झाली. एक तर सगळा जोर लावूनही शिसं, म्हणजे दोरीच्या टोकाचं वजन, चाळीस पावलांवर पडलं. नाहीतर नीट पडलं, पण पाच मिनिटांत वाहत वाहत काठाला लागलं. नाहीतर फेकताना तडकन आवाज आला, दोरी हलकी झाली आणि शिसं एकटंच समुद्रात गेलं. मग आणखी जाड रॉड घेतला जातो आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. रॉड निवडताना डोळ्यासमोर माशाचं वजन असतं, पण किनाऱ्यावरून मासेमारी करताना रॉडवर सगळ्यात मोठा ताण येतो तो फेकताना, आणि तो शिसं अधिक आमिष यांच्या वजनाचा असतो. किती शिसं लागेल हे त्या किनाऱ्यावरची पाण्याची ओढ ठरवते. म्हणून हिशेब समुद्राकडून सुरू करायचा: आधी ओढ, मग शिसं, मग रॉड, मग बाकीचं सामान. आपल्याकडे तो नेमका उलटा होतो.

मासा किती किलोचा, हा प्रश्न का चुकीचा

“दादा, वीस किलोच्या माशाला कोणता रॉड घेऊ?” असं विचारणारे पुष्कळ भेटतात. दुकानात आणि ऑनलाइनही रॉड तसेच विकले जातात, “10 किलो उचलतो” वगैरे सांगून. किनाऱ्यावर मासा रॉडने उचलायचाच नसतो. पाण्यात माशाचं वजन जवळजवळ जाणवत नाही. जाणवते ती त्याची पोहण्याची ताकद आणि लाटेची ओढ. त्या ओढीला किती विरोध करायचा, हे रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटण्यावरचा ब्रेक, ठरवतो.

एक साधा हिशेब करून बघा. चार मीटरचा रॉड वाकलेला असताना टोक तुमच्या पुढच्या हातापासून सुमारे 3 मीटर पुढे असतं. दोन्ही हातांमधलं अंतर 75 सेंटिमीटर धरू. टोकाला 5 किलोची ओढ असेल, तर मागच्या हाताने 20 किलोचा दाब खाली द्यावा लागतो आणि पुढच्या हातावर 25 किलोचा भार येतो. लांब रॉड माशाच्या बाजूने तरफेचं काम करतो, तुमच्या बाजूने नाही. दहा मिनिटं असा भार धरून उभं राहणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणजे 5 किलोच्या पुढचा ड्रॅग किनाऱ्यावर बहुतेकांच्या कामाचाच नाही, आणि तेवढी ओढ सोसणारा रॉड मध्यम ताकदीचाही असतो. जड रॉड लागतो तो 150-170 ग्रॅमचं शिसं आणि वर अख्खा माकूल किंवा बांगड्याचं अर्धं धड एका झोकात उडवायला.

रॉडवर छापलेलं आधी वाचा

मुठीच्या वर कुठेतरी “कास्ट वेट 100-200 ग्रॅम” किंवा “4-8 औंस” असं छापलेलं असतं. 1 औंस म्हणजे 28 ग्रॅमच्या थोडं वर, त्यामुळे 4 औंस म्हणजे 113 ग्रॅम, 6 औंस म्हणजे 170 आणि 8 म्हणजे 227. जपानी रॉडवर 25, 27, 30 असा आकडा आणि पुढे एक जपानी अक्षर असतं. तो शिशाचा नंबर आहे. त्याला 3.75 ने गुणलं की ग्रॅम मिळतात, म्हणजे 30 नंबरचा रॉड साधारण 112 ग्रॅमचा. हा आकडा न समजता “30 म्हणजे 30 पौंड” धरून घेतलेले महागडे रॉड मी पाहिले आहेत. चांगली वस्तू चुकीच्या कामाला लागते याचं फार वाईट वाटतं.

छापलेल्या वजनात शिसं आणि आमिष दोन्ही आले. वरचा आकडा ही सीमा असते, रोजचं काम तिच्या खाली चालतं. माझ्या मते त्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश एवढं एकूण वजन असलं की रॉड सगळ्यात छान चालतो. 100-200 ग्रॅमच्या रॉडला एकूण 130-150. तुम्हाला 150 ग्रॅमचं शिसं आणि 50 ग्रॅमचं आमिष टाकायचं असेल, तर वरचा आकडा 250 च्या आसपास असलेला रॉड बघा.

बडोद्यात आणखी एक घोटाळा होतो. इथे रॉडवर हात बसतो तो तलावांवर, रोहू-कटल्यावर. तिथले रॉड 10 ते 12 फुटी असतात आणि त्यांच्यावर 2.75, 3.00, 3.50 पौंड असं लिहिलेलं असतं. टोक काटकोनात वाकवायला किती वजन लागतं, त्याचा तो आकडा. ढोबळ नियम असा की जितके पौंड, तितके औंस शिसं तो रॉड आरामात फेकतो. 3 पौंडाचा रॉड म्हणजे 85 ग्रॅम. लांबी बारा फूट असली तरी तो सर्फ रॉड होत नाही. त्याच्यावर 150 ग्रॅम लावून पूर्ण झोक मारला की बहुतेक वेळा वरच्या तुकड्यातच मोडतो.

आपला किनारा आणि कोकणातल्या भावाचा सल्ला

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे नातेवाईक रत्नागिरी-मालवणकडे आहेत. तिथे लहानपणापासून गरवणारा मामेभाऊ सांगतो की 100 ग्रॅम शिसं पुष्कळ झालं, 80-150 चा रॉड घे. त्याच्या किनाऱ्यासाठी तो अगदी बरोबर असतो. तोच रॉड घेऊन आपण दमणला उभे राहतो आणि शिसं एका जागी राहत नाही.

फरक भरतीचा आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती-ओहोटीच्या पातळीत उधाणाला दोन-अडीच मीटरचा फरक पडतो. मुंबईला तो साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. पुढे खंभातचं आखात नरसाळ्यासारखं अरुंद होत जातं, तसं पाणी चढत जातं आणि भावनगरच्या बाजूला हा फरक 10 मीटरच्या आसपास पोचतो. वर चढायला वेळ तेवढाच, सहा तासांच्या आसपास. तेवढ्याच वेळात दुप्पट-चौपट पाणी यायचं तर ते वेगाने येणार. उंबरगाव, दमण, तिथल हा पट्टा या दोन टोकांच्या मधला आहे. मालवणात 100 ग्रॅम जिथे बसतं, तिथे आपल्याला 150 ते 180 ग्रॅम आणि तेही तारांचं, म्हणजे वाळूत रुतणाऱ्या तारा असलेलं, शिसं लागतं. म्हणून दक्षिण गुजरातसाठी रॉड घेताना कोकणातला सल्ला एक पायरी वर चढवून घ्यावा.

तिथीही बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ सगळ्यात जास्त, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असतो तेव्हा कमी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास, हा कोळ्यांचा जुना हिशेब मुंबईच्या आसपास अंदाजाला पुरतो: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. उत्तरेकडे जाल तशी भरती त्याहून उशिरा येते, म्हणून निघण्याआधी त्या गावचा तक्ता बघावाच. हलकाच रॉड हाताशी असेल तर भांगाचे दिवस निवडा. रॉड न बदलता अर्धी तक्रार तिथेच संपते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बडोद्याला जवळचा समुद्र म्हणजे जंबुसरच्या पुढचं कावी-कंबोई, जिथे स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, म्हणून रॉड घेऊन तिथे जायचा मोह होतो. तिथल्या चिखलात उतरू नका. पाय मांडीपर्यंत रुततो, आणि देऊळ बुडवणारं पाणी रुतलेल्या माणसासाठी थांबत नाही.

तडकन तुटतं तेव्हा

ही सगळ्यात धोक्याची तक्रार, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो. सुटलेलं 150 ग्रॅमचं शिसं शंभर मीटरच्या पुढे सहज जातं. ते कुणाच्या डोक्यात बसलं तर जीव जाऊ शकतो.

पहिली तपासणी लीडरची, म्हणजे मुख्य दोरीच्या पुढे जोडलेल्या जाड दोरीची. मुख्य दोरी 0.35 मिलिमीटरच्या तंगुसाची, म्हणजे एकेरी नायलॉनची, असेल तर ती 8-9 किलोला तुटते. पूर्ण झोकाचा धक्का त्याच्यापेक्षा मोठा असतो. तो सोसायला पुढे जाड लीडर जोडायचा. नियम सोपा आहे: शिशाच्या दर औंसाला 10 पौंड, म्हणजे दर 28 ग्रॅमला साडेचार किलो. 150 ग्रॅमला 24 किलोच्या आसपास, 170 ला 27. लांबी इतकी की शिसं फेकायच्या जागी लोंबत असताना लीडर रॉडच्या टोकातून येऊन स्पूलवर, म्हणजे रीलच्या दोरी गुंडाळलेल्या चाकावर, पाच-सहा वेढे बसलेला असेल. वेढे कमी पडले की सगळा धक्का गाठीवर येतो. गाठ स्पूलच्या मागच्या कडेला बसवा, म्हणजे सुटणारे वेढे तिच्यात अडकत नाहीत.

लीडर बरोबर असूनही तुटत असेल तर नजर टोकावर न्या. झोक मारण्याआधी दोरी टिपला एक वेढा घालून बसलेली असते आणि अंधारात दिसत नाही. शिसं हळूच झुलवून बघितलं की लगेच कळतं. हा प्रकार इतका वारंवार होतो की दर झोकाआधी टिप बघायची सवयच लावून घ्यावी.

पुढचा संशयित म्हणजे रीलची बेल, दोरी स्पूलवर गुंडाळणारी तारेची कमान. मोठ्या स्पिनिंग रीलमध्ये जोराच्या झोकात बेल आपोआप मिटते, आणि उडत्या शिशाला अचानक ब्रेक लागतो. आवाज बंदुकीसारखा येतो. वाळू-मिठाने स्प्रिंग सैल झाली की हे वाढतं. बेल उघडताना ती टक् करून पूर्ण बसली का, ते बोटाने दाबून बघा. तरीही मिटत असेल तर रील उघडून साफ करून घ्या. तोपर्यंत अर्ध्या जोरानेच फेका.

मग रिंगा. टिपच्या रिंगेतल्या सिरॅमिकला केसाएवढा तडा गेला तरी तो दोरी कापतो, ब्रेडेड लाइन, म्हणजे विणलेली दोरी, तर जास्तच. डोळ्याला हा तडा दिसत नाही. कापसाचा छोटा बोळा रिंगेतून आतल्या बाजूने चौफेर फिरवा. जिथे तंतू अडकतो तिथे तडा. शेवटचे दोन-चार मीटर वारंवार खरखरीत होत असतील तरी हाच उपाय आधी करा, दोरीला दोष देण्याआधी.

ड्रॅग फेकताना पूर्ण घट्ट हवा. सैल असेल तर स्पूल फिरतं आणि ताणलेली दोरी तर्जनी हाडापर्यंत कापते. बोटाला चामड्याचं टोपण किंवा हातमोजा घालाच. शिसं जागेवर बसलं की ड्रॅग परत सैल.

सराव कुठे करायचा, हाही प्रश्न येतो. नवलखीच्या मैदानावर नको, कितीही पहाटे गेलात तरी तिथे पोरं क्रिकेटला आणि माणसं फिरायला येतात. विश्वामित्रीच्या काठावर तर मगरींमुळे मुळीच नको. गावाबाहेरचं कापणी झालेलं शेत, मालकाला विचारून, वरून विजेच्या तारा जात नाहीत ना ते बघून. कार्बन विजेचा वाहक आहे. चार मीटरचा कार्बन रॉड तारेला लागला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. त्याच कारणाने ढग गडगडले की किनाऱ्यावरही रॉड आडवा ठेवून लांब व्हा.

शिसं जवळच पडतं तेव्हा

इथे लोक आधी स्वतःच्या ताकदीला दोष देतात. बहुतेकदा रॉड पुरेसा वाकलेलाच नसतो. 200-300 ग्रॅमचा कडक रॉड आणि त्यावर 100 ग्रॅम शिसं, म्हणजे काठीने दगड भिरकावणं झालं. रॉडमध्ये ताकद साठली नाही तर परत काय मिळणार? एका मित्राला दोरी धरायला सांगा आणि रॉड फेकायच्या कोनात ओढून बघा. फक्त टोकच वाकत असेल तर रॉड तुमच्यासाठी कडक आहे. मुठीपर्यंत कमान होत असेल तर मऊ आहे. मधल्यापर्यंत गोलाई यावी आणि खालचा भाग ताठ राहावा.

उंची आणि हाताची लांबीही महत्त्वाची. रॉडचं मागचं टोक काखेत धरून हात पुढे सरळ केला की तळवा रील बसवण्याच्या जागी यायला हवा. ती जागा हाताबाहेर असली तर झोक अर्धवटच बसतो. पाच फूट चार इंचाच्या माणसाला 15 फुटी रॉड देऊन काही साधत नाही. आपल्यातल्या बहुतेकांना 12 ते 13 फूट, म्हणजे 3.6 ते 3.9 मीटर, व्यवस्थित पेलतं. पुढचा एक फूट वाढवला की लांबी मिळते हे खरं, पण तो वेगाने फिरवता आला तरच.

आणि दोरी. मोठ्या माशाच्या आशेने 0.55-0.60 चा तंगूस भरणारे पुष्कळ आहेत. तो स्पूलवरून कड्याकड्याने उतरतो, रिंगांवर आपटतो आणि वेग खातो. त्यातच स्पूल काठोकाठ भरलेलं नसेल तर आणखी वीसेक मीटर गेले. तंगूस काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली येईपर्यंत भरावा.

आमिष लोंबतं राहिलं तरी अंतर निम्मं होतं. आमिष शिशाच्या मागे चिकटवून ठेवणारी क्लिप वापरा. पाण्यावर आपटली की ती सुटते. माकूल असेल तर लवचीक धाग्याने लांबट गुंडाळून घ्या.

पण त्याही आधी, लांब जायची गरज आहे का ते पाहा. ओहोटीला येऊन वाळूचे बांध आणि त्यांच्यामधले चर डोळ्यांत भरून घ्या, जमल्यास मोबाइलवर फोटो काढा. भरतीला रावस, जिताडा, शिंगाळा याच चरांतून फिरतात, आणि कित्येकदा चर पन्नास मीटरवरच असतो. त्याच्या पलीकडे नव्वद मीटरवर टाकलेलं आमिष रिकाम्या बांधावर पडून राहतं.

शिसं वाहून जातं तेव्हा

वजन वाढवण्याआधी दोरी बारीक करा. पाण्यात 100 मीटर दोरी असेल तर 0.60 चा तंगूस ओढीसमोर 600 चौरस सेंटिमीटर धरतो, जवळजवळ एक ए-फोर कागद. 0.35 ला हेच 350 होतं. शिसं वाहतं ते दोरी वाहते म्हणून. ब्रेडेड लाइन याहून बारीक असते, फक्त वाळूत ती लवकर झिजते आणि वाऱ्यात गुंतते. नव्या माणसाने 0.35 च्या तंगुसावरच हात बसवावा.

मग शिशाचा आकार. गोल किंवा लांबट गुळगुळीत शिसं वाळूवर गडगडतं, पिरॅमिड थोडं धरतं. तारा असलेलं ब्रेकअवे शिसं वाळूत पंजा रोवतं आणि जोरात ओढलं की तारा उलटून सुटतं. ते वापरायची पद्धत आहे: ओढीच्या वरच्या बाजूला तिरकं फेकायचं, तळाला लागलं की आणखी काही मीटर दोरी सोडायची आणि रॉड उभा करायचा. दोरीला पडलेला बाक शिशाला तळाशी दाबून धरतो. दोरी लगेच ताणून घेतली तर तारा रुतत नाहीत आणि शिशालाच दोष दिला जातो. दमणच्या देवका बाजूला खाली खडक आहे, तिथे हे शिसं अडकून राहील. जांपोरच्या वाळूवर मात्र उत्तम.

रॉडचा स्टँड उंच हवा, म्हणजे दोरी फुटणाऱ्या लाटांच्या वरून जाईल. दीड मीटरचा पीव्हीसी पाइप, खालून तिरका कापलेला, अर्धा मीटर वाळूत ठोकला की काम होतं. एवढं करून 180 ग्रॅमही टिकत नसेल तर भरतीचा मधला वेळ सोडून द्या आणि पाणी वळण्याच्या आगेमागे टाका.

मासा शेवटच्या लाटेत सुटतो

हे कडक रॉडचं दुखणं. लाट परत जाताना माशाला मागे ओढते. रॉडमध्ये मऊपणा नसेल आणि ड्रॅग घट्ट असेल तर गळ ओठ फाडून निघतो. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश, म्हणजे 9 किलोच्या दोरीला सुमारे अडीच-तीन किलो ठेवा. लाट मागे जाताना थांबा किंवा दोरी द्या. पुढची लाट येताना मागे चालत माशाला तिच्याबरोबर वर घ्या. पाकट असेल तर तो तळाला चिकटून बसतो. तेव्हा हिसके मारू नका, दोरी ताणून धरा आणि त्याला हलू द्या. त्याच्या शेपटीचा आणि शिंगाळ्याच्या पाठीवरचा काटा विषारी असतो. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात जखम धरून तडक दवाखाना गाठा. व्हेल शार्क, करवत मासा आणि पाकटांच्या काही जाती 2001 पासून वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. ओळख पटली नाही तर पाण्यातच गळ कापून सोडून द्यावं.

रॉड मोडला असेल तर मोडलेली जागा बघा

टोकाजवळ मोडला असेल तर बहुधा मासा पायाशी आल्यावर रॉड उभा धरून उचलायचा प्रयत्न झाला असणार. सगळा ताण तेव्हा बारीक टोकावर येतो. सांध्यापाशी मोडला असेल तर सांधा सैल होता. झोक मारता मारता तुकडे थोडे फिरतात आणि सुटत येतात, म्हणून मधूनमधून हाताने चाचपून बसवा. मेणबत्तीचं मेण सांध्यावर हलकं चोळलं की पकड टिकते. मधेच, जिथे काहीच नाही अशा जागी मोडला असेल तर तिथे आधी मार बसलेला असतो. गाडीच्या डिकीत शिशाची पिशवी रॉडवर आपटणं हे नेहमीचं कारण. कार्बनला आत तडा जातो, वरून रंग शाबूत दिसतो आणि पहिल्या पूर्ण झोकाला तो तुटतो.

बडोद्याहून जाणाऱ्याने घ्यावा कोणता

आपल्याला वापी किंवा वलसाडला रेल्वेने जायचं असतं, म्हणून तुकडे किती हे आधी बघा. 13 फुटांच्या दोन तुकडी रॉडचा एकेक तुकडा साडेसहा फुटांचा, गर्दीच्या डब्यात तो नेणं म्हणजे टोक मोडायची हमी. तीन तुकडी रॉड सव्वाचार-साडेचार फुटांत मावतो. टेलिस्कोपिक रॉड सोयीचा असला तरी जड शिशाला मी सुचवणार नाही. सांधे जास्त, रिंगा सरकतात, आणि वाळूचा एक कण आत गेला तरी तुकडा अडकतो.

दक्षिण गुजरातसाठी 3.9 मीटर, तीन तुकडी, 100-250 ग्रॅम, मधल्यापर्यंत वाकणारा, कार्बनमध्ये थोडं ग्लास मिसळलेला. फार उंच दर्जाचा कार्बन हलका आणि वेगवान असतो, पण ठोकर सोसत नाही, आणि प्रवासात ठोकर लागतेच. वर 8000 ते 10000 साइजचं स्पिनिंग रील आणि 0.35 चा तंगूस. फक्त कोकणात जाणार असाल तर 80-150 ग्रॅमचा हलका रॉड जास्त आनंद देईल. दोन्हीकडे एकच रॉड चालवायचा हट्ट असेल तर जडच घ्या आणि कोकणात 125 ग्रॅमच्या खाली उतरू नका.

जुना रॉड घेताना दुकानदारासमोरच तपासणी करा. प्रत्येक रिंगेतून कापूस फिरवा. तुकडे वेगळे करून एकेकावरून नखाने टिचक्या मारत जा, आवाज एकसारखा यायला हवा. मधेच तो बद्द झाला तर आत तडा आहे. सांधे जोडून रॉडमधून एका डोळ्याने बंदुकीसारखं बघा, रिंगा एका रेषेत हव्यात. सांध्याच्या वरच्या तोंडाशी लांबीच्या दिशेने केसासारखी रेघ दिसली, तर तो रॉड किती का स्वस्त मिळेना, तिथेच ठेवून या.